वहीत सही करा आणि आत या: पारिक्कालाच्या मूर्तिबागेचा प्रकरण अभ्यास

फिनलंडचा महामार्ग क्रमांक 6 लाप्पेनरान्ता आणि इमात्रा ही गावं घेत रशियाच्या सीमेच्या बाजूबाजूने उत्तरेकडे चढतो. इमात्रा मागे पडलं की वस्ती पातळ होत जाते. तळी, बर्च, पाइन, पुन्हा तळी. पारिक्काला तालुक्याची लोकसंख्या पाच हजारांच्या आत आहे. तिथल्या कोइत्सानलाहती गावात या रस्त्यालगत एक जुनं शेतघर आहे आणि त्याच्या अंगणात सिमेंटच्या पाचशेच्या आसपास मूर्ती उभ्या आहेत. त्या सगळ्या वेइयो रॉन्कोनेन (1944–2010) या कागदगिरणीतल्या कामगाराने एकट्याने घडवल्या.

या बागेबद्दल जिथे जिथे वाचायला मिळतं तिथे ‘विचित्र’, ‘भयाण’, ‘एकलकोंडा’ हे शब्द हटकून येतात. जगातल्या भीतिदायक जागांच्या याद्यांमध्येही तिचं नाव असतं. मला हे वर्णन पटत नाही. मी काँक्रीटच्या दुरुस्तीचं काम करतो, राहतो हेलसिंकीशेजारच्या एस्पोत, आणि पाहुणे आले की त्यांना या बागेत नेतो. माझं मत असं की रॉन्कोनेन माणूसघाणा असेल-नसेल, पण त्याची बाग यजमानाची आहे. ती पाहायची ती त्या नजरेने. आणि पुढे ती टिकवायची कशी, या प्रश्नाचं उत्तरही तिथूनच निघतं.

आधी माणूस. सोळाव्या वर्षी तो जवळच्या सिम्पेलेच्या कागदगिरणीत लागला आणि 41 वर्षं तिथेच राहिला. पहिल्या पगारातून त्याने सफरचंदाची दहा रोपं आणि सिमेंटचं एक पोतं आणलं, असं सांगतात. गोष्ट म्हणून ती छान आहेच, पण मला तिच्यात पुढच्या पन्नास वर्षांचा हिशेब दिसतो. झाडं आणि सिमेंट, दोन्ही एकाच दिवशी आली आणि शेवटपर्यंत बरोबर राहिली. लोक मूर्तींचे फोटो काढतात आणि झाडांकडे बघतही नाहीत. रॉन्कोनेन पक्का बागाइतदार होता. मूर्ती कुठे ठेवायची, तिच्या पाठीमागे काय फुलणार, उन्हाळ्यात सावली कुठे पडणार, हे सगळं ठरवून केलेलं आहे. लायलॅक फुलतो तेव्हा काही मूर्ती अर्ध्या झाकल्या जातात. तेही ठरवलेलंच असावं असं मला वाटतं, कारण पायवाट नेमकी तिथे वळते आणि वळल्याशिवाय ती मूर्ती दिसतच नाही.

मूर्तिकलेचं शिक्षण त्याने घेतलं नव्हतं. तो परदेशी गेला नाही. वाचन मात्र खूप, आणि त्यात दूरदूरच्या देशांबद्दलचं बरंच. म्हणून बागेत आफ्रिकेतली, आशियातली, कुठकुठली माणसं भेटतात. खेळणारी मुलं आहेत, प्राणी आहेत. गिरणीतली नोकरी हा या सगळ्याचा पाया होता, हे नीट सांगायला हवं. कागदाचं यंत्र चोवीस तास चालतं, माणसं पाळ्यांवर येतात. ठरलेला पगार, ठरलेली सुट्टी, स्वतःची जमीन आणि घर. कुणाकडे अनुदान मागायचं नाही, कुणाला मूर्ती विकून पोट भरायचं नाही. अशा बागांच्या गोष्टी सांगताना आपण वेडाची आणि प्रतिभेची चर्चा करतो. दर महिन्याला येणाऱ्या पगाराची करत नाही. माझ्या मते पगार नसता तर हातातली कला तेवढीच असती, पण बाग झाली नसती.

आता अंगणाचा मुद्दा. या प्रकरणातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा मुद्दा हाच आहे. फिनलंडमध्ये कुणाच्याही मालकीच्या जंगलातून चालायला, तिथली ब्लूबेरी आणि अळंबी गोळा करायला मालकाची परवानगी लागत नाही. हा हक्क इथे इतका मुरलेला आहे की लोक त्याचा विचारही करत नाहीत. पण हाच हक्क घराच्या अंगणाशी येऊन थांबतो. अंगण म्हणजे घरच. तिथे न विचारता पाऊल टाकणं हा कायद्यानेही गुन्हा आणि रीतीनेही अपराध. फिनिश माणूस शेजाऱ्याच्या अंगणात सहज डोकावत नाही. बसस्टॉपवरसुद्धा दोन माणसांत हातभर अंतर ठेवणारा हा समाज आहे.

अशा देशात रॉन्कोनेनने आपलं राहतं अंगण सगळ्यांना उघडं ठेवलं. तिकीट नव्हतं, वेळेची पाटी नव्हती. अट एकच: पाहुण्यांच्या वहीत सही करायची. तो आत घरात असायचा आणि बाहेर अनोळखी माणसं त्याच्या खिडकीसमोरून फिरत असायची, त्याच्या मूर्तींच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढत असायची. ज्याला माणसं नकोशी असतात तो कुंपण घालतो. याने वही ठेवली. तो लोकांशी फारसा बोलायचा नाही हे खरं असेल, पण आपल्याकडेही असे घरधनी असतात की जे चार शब्दांवर पाचवा बोलत नाहीत आणि पान वाढल्याशिवाय सोडतही नाहीत.

बागेत शिरल्यावर पहिल्यांदा दचकायला होतं ते दातांमुळे. काही मूर्तींच्या तोंडात खरे मानवी दात आहेत. सिमेंटचा करडा ओठ आणि त्याच्या आत पिवळसर, ओला वाटणारा दात. फोटोत ते जेवढं अंगावर येतं तेवढं प्रत्यक्षात येत नाही, कारण प्रत्यक्षात तुम्ही त्या चेहऱ्यासमोर थोडा वेळ थांबता. थांबलात की लक्षात येतं, हा चेहरा हसतोय. सिमेंटमध्ये दात कोरले असते तर ते एकसारखे, दगडी झाले असते. हसू खरं वाटायला हवं असेल तर दात खरे हवेत, इतका सरळ विचार त्यामागे आहे. शिवाय काही मूर्तींच्या आत स्पीकर बसवलेले होते, म्हणजे झाडीतून आवाज यायचा. हाही पाहुण्यांसाठीच केलेला खटाटोप. स्वतःला दचकवायला कुणी वायरिंग करत नाही.

बागेचं हृदय म्हणजे योगासनं करणाऱ्या मूर्तींची मोकळी जागा. दोनशेच्या आसपास माणसं एकाच वेळी आसनात आहेत, आणि ती सगळी माणसं एकच आहेत: तरुणपणीचा रॉन्कोनेन. तो स्वतः अनेक वर्षं योग करत होता, पुस्तकांतून शिकलेला. या मूर्ती म्हणजे आपल्या तरुण शरीराचं स्मारक आहे, अशा अर्थाचं तो बोलल्याचं सांगतात. 1954 मध्ये व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन यांनी पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगार यांना स्वित्झर्लंडला बोलावलं, आणि पुढच्या दोन-तीन दशकांत आसनांची चित्रं युरोपभर पोचली. त्या प्रसाराचं पार उत्तरेकडचं, 61 अंश अक्षांशाच्या वरचं एक ठिकाण म्हणून मी या जागेकडे बघतो.

माझी आत्या इथे आली तेव्हा मी नुसता बाजूला उभा राहिलो. आत्या सांगलीची, सत्तरी ओलांडलेली, लोणावळ्याच्या कैवल्यधामाच्या शिस्तीत तयार झालेली. ती मूर्तींमधून शिक्षक वर्गातून फिरतात तशी फिरली. “हे हलासन. हे चक्रासन, पण टाचा बघ, उचलल्यात त्याने. तसं चालत नाही.” शीर्षासनातल्या एका मूर्तीजवळ ती बराच वेळ वाकून बसली. मग म्हणाली, “डोळे कुणाचेच मिटलेले नाहीत रे. आसनात नजर आत हवी. हे सगळे आपल्याकडे बघतायत.” मी म्हटलं, “तुला खटकतंय का आत्या?” “खटकत नाही. त्याला दाखवायचं होतं, म्हणून उघडे ठेवलेत. एरवी आपण एकट्यानेच करतो की.”

तिने ‘दाखवायचं होतं’ म्हटलं आणि माझ्या मनात जे बरेच दिवस घोळत होतं ते सुटलं. या मूर्ती साधनेत नाहीत, स्वागताला आहेत.

माझ्या धंद्याच्या नजरेने सांगायचं तर शीर्षासन सिमेंटमध्ये करणं अवघड आहे. पद्मासनातली मूर्ती बसते, तिचं वजन आपोआप जमिनीला जातं. शीर्षासनात सगळा भार मानेच्या बारक्या भागातून उतरतो आणि वर लांबलचक पाय वाऱ्याला उघडे. आत सळई नीट वाकवून, जमिनीत खोल गाडून मगच वरचं अंग चढवावं लागतं, तेही थराथराने, प्रत्येक थर धरेपर्यंत थांबून. उन्हाळा इथे तीन-चार महिन्यांचा. थंडीत सिमेंट धरत नाही, आतलं पाणी आधीच गोठतं. म्हणजे वर्षातले मोजके आठवडे बाहेर काम, तेही गिरणीच्या पाळ्या सांभाळून. असं पन्नास वर्षं.

नाव व्हायला लागलं तसे प्रदर्शनवाले येऊ लागले. फिनलंडमध्ये शिक्षण न घेतलेल्या, घरच्या अंगणात काम करणाऱ्या कलाकारांकडे 2000 च्या आसपास गंभीरपणे पाहिलं जाऊ लागलं. त्यांच्या कामाला ‘इते’ कला असं नावही मिळालं. रॉन्कोनेन त्यातला सगळ्यात मोठा मानला गेला. मूर्ती प्रदर्शनाला द्याल का असं विचारलं की तो म्हणे, मूर्तींना विचारून सांगतो. आणि मूर्तींना प्रवास नको असायचा. लोक ही आठवण गंमत म्हणून सांगतात. मला त्यात गंमत कमी आणि तर्क जास्त दिसतो. आसनातली एक मूर्ती उचलून हेलसिंकीच्या पांढऱ्या भिंतीसमोर ठेवली तर ती एका माणसाची मूर्ती उरेल. तिच्या अंगावरचं शेवाळ, मागचं झाड, बाजूचे दोनशे जोडीदार, काहीच बरोबर जाणार नाही. पाहुण्याने घरी यावं, घराने पाहुण्याकडे जाऊ नये, हा यजमानाचाच नियम आहे. 2007 मध्ये त्याला फिनलंडच्या शिक्षण मंत्रालयाचा ‘सुओमी’ पुरस्कार मिळाला. तो घ्यायलाही तो स्वतः गेला नाही.

2010 मध्ये तो वारला आणि खरं प्रकरण सुरू झालं.

अंगणाचा मालक गेला की अंगण ही एक मालमत्ता उरते. शेतघर, जमीन आणि तिच्यावर रुतलेल्या पाचशे वस्तू. हलवायच्या म्हटल्या तर मोडतील, आणि ठेवायच्या तर दर वर्षी खर्च. शेवटी एका फिनिश उद्योजकाने जागा विकत घेतली आणि बाग लोकांसाठी उघडी राहिली. हे नशीब मोठं, कारण जगभरात अशा जागांचा इतिहास फारसा चांगला नाही. लॉस एंजेलिसमध्ये सायमन रोडियाने 1921 ते 1954 या काळात लोखंड, सिमेंट आणि फुटक्या फरशा-बाटल्यांचे वॉट्स टॉवर्स उभे केले आणि जागा सोडून तो निघून गेला. शहराने ते पाडायचा हुकूम काढला. 1959 मध्ये मनोऱ्याला ताण देऊन चाचणी घेतली, तेव्हा मनोरा हलला नाही आणि हुकूम मागे पडला.

आपल्या जवळचं उदाहरण चंडीगडचं. रस्ते निरीक्षक नेकचंद यांनी 1950 च्या दशकाच्या अखेरीपासून सरकारी जंगलात गुपचूप रॉक गार्डन रचलं. फुटक्या बांगड्या, चिनीमातीचे तुकडे, विजेचे सॉकेट, जे मिळेल ते. उघडकीला आलं तेव्हा प्रशासनाने पाडण्याऐवजी त्यांना पगार आणि पन्नास मजूर दिले, 1976 मध्ये बाग लोकांसाठी खुली झाली, 1984 मध्ये पद्मश्री मिळाली. तरीही 1990 मध्ये तिथे रस्त्यासाठी बुलडोझर आले आणि लोकांनी साखळी करून ते अडवले. नेकचंद 2015 मध्ये गेले. 2025 मध्ये उच्च न्यायालयाच्या रस्त्यासाठी आणि पार्किंगसाठी बागेच्या भिंतीचा काही भाग पाडलाच. सरकारच्या मांडीवर बसलेली, देशभर गाजलेली बाग, तिची ही गत. पारिक्कालाला ना सरकार होतं ना पन्नास मजूर; होती ती स्वतःची सातबाऱ्यासारखी चोख मालकी. निदान हयातीत तरी ती त्याला पुरली.

मालकीचा एक पदर मात्र फारसा कुणाच्या लक्षात येत नाही. मूर्ती विकली म्हणजे मूर्तीवरचा कलाकाराचा हक्क विकला जात नाही. फिनलंडमध्ये कॉपीराइट कलाकाराच्या मृत्यूनंतर 70 वर्षं चालतो, म्हणजे इथे 2080 च्या अखेरपर्यंत. पाहुण्याने स्वतःसाठी फोटो काढायला काहीच अडचण नाही. पण त्या दातवाल्या चेहऱ्याचा फोटो मगवर छापून विकायचा झाला तर वारसांची परवानगी लागते. जागा एकाची, हक्क दुसऱ्याचा, आणि देखभाल करणारे तिसरे. एखाद्या मूर्तीचा हात बदलायचा ठरला तर या सगळ्यांचं एकमत व्हावं लागणार.

आणि हात तुटणारच आहेत. पाणी गोठलं की आकारमानात साधारण 9 टक्क्यांनी वाढतं. सिमेंटच्या बारीक छिद्रांत शरद ऋतूत पाणी शिरतं, गोठतं, वितळतं, पुन्हा गोठतं. आम्ही इथल्या पुलांच्या काँक्रीटमध्ये मुद्दाम हवेचे सूक्ष्म बुडबुडे सोडतो, म्हणजे बर्फाला पसरायला जागा मिळते. फावड्याने घरी कालवलेल्या सिमेंट-वाळूत असे बुडबुडे नसतात. दुसरं दुखणं सळईचं. पुलात सळईवर चार-पाच सेंटीमीटर काँक्रीटचं आवरण असतं. माणसाच्या बोटाच्या जाडीत ते बसवणार कुठे? तिथे आवरण काही मिलिमीटरच मिळतं. पाणी पोचलं की सळई गंजते, गंज फुगतो, वरचा पोपडा सुटतो. आत्या ज्या मूर्तीजवळ वाकून बसली होती तिच्या कोपरावर तपकिरी रंगाची बारीक रेघ मी पाहिली. गंज बाहेर येतानाची ती पहिली खूण. त्या कोपराचं आयुष्य किती, हे अदमासाने सांगता येतं, आणि ते फार नाही.

शेवाळाचा तिढा वेगळाच आहे. शेवाळ ओल धरून ठेवतं, म्हणजे काँक्रीटचं नुकसान करतं. आमच्या धंद्यात ते खरवडून काढतात. पण या बागेत शेवाळ हा मूर्तींचा अर्धा जीव आहे. डोक्यावर हिरवी टोपी, खांद्यावर हिरवी शाल. ते काढलं तर खाली स्वच्छ, पांढरट, नुसतं सिमेंट राहील. ते पाहून कुणी थांबणार नाही. रॉन्कोनेनने शेवाळ वाढू दिलं होतं, हे इथे निर्णायक मानावं. मूर्ती थोडी लवकर जाईल, जाऊ दे. दुरुस्तीत दुसरी चूक हमखास होते ती म्हणजे मजबूत माल वापरणं. जुनं मिश्रण कमकुवत असतं, त्यावर आजचं कडक दुरुस्तीचं मिश्रण थापलं की ठिगळ टिकतं आणि त्याच्या कडेने जुनं अंगच सुटून येतं. जुन्याइतकंच किंवा त्याहून मऊ मिश्रण लावायचं, ही साधी गोष्ट आहे, पण ती करायला बाजारातली तयार पिशवी उपयोगाची नाही.

सीमेचाही या बागेवर परिणाम झाला आहे. आधी या पट्ट्यात रशियन पाहुण्यांची मोठी वर्दळ असे. दुकानांतून, हॉटेलांतून रशियन पाट्या असायच्या. फिनलंडने 2023 च्या अखेरीस पूर्वेकडचे जमिनीवरचे नाके बंद केले आणि हा सगळा भाग रस्त्याच्या शेवटी असल्यासारखा झाला. गर्दी नको म्हणणाऱ्याला हे बरं वाटेल. पण देखभालीचा पैसा माणसांबरोबरच येतो, हे विसरून चालणार नाही.

जायचं असेल तर मे अखेर ते सप्टेंबर हे दिवस चांगले. हेलसिंकीहून योएनसूकडे जाणारी रेल्वे पारिक्कालाला थांबते, तिथून साव्होनलिन्नाला छोटी गाडी सुटते, त्यामुळे तिथला किल्ला आणि ही बाग असं जोडून करता येतं. स्टेशनपासून बाग चालत जाण्याइतकी जवळ नाही, गाडी हवी. जूनमध्ये पुरता अंधार होतच नाही, संध्याकाळी उशिरा तिरपं ऊन झाडीतून येतं तेव्हा चेहरे सगळ्यात चांगले दिसतात. डासांचं मलम न्यावंच. लहान मुलांना आधी दातांबद्दल सांगून ठेवावं, म्हणजे ती घाबरत नाहीत, उलट मोजायला लागतात. मूर्तींवर चढू नये, हातही लावू नये. कारण वर सांगितलंच.

देखभाल करणाऱ्यांना माझ्यासारख्याने एकच काम सुचवावं. दर वर्षी बर्फ वितळल्यावर, नवीन पालवी यायच्या आत, प्रत्येक मूर्तीचे चारही बाजूंनी फोटो काढावेत आणि जे सुटून पडलं असेल ते क्रमांक घालून कोरड्या जागी ठेवावं. ज्याच्यामुळे मूर्ती कोसळणार असेल तेवढंच दुरुस्त करावं: मान, घोटे, जमिनीत गाडलेला भाग. बोटं, नाकं, कान जाऊ द्यावेत. दातांचं मात्र आधीच ठरवून ठेवायला हवं, कारण ते सिमेंटपेक्षा टिकतात. ओठ झिजतो आणि दात मोकळा होतो. काही जण तो पुन्हा चिकटवावा म्हणतील. माझं मत, तो पेटीत ठेवावा, वर मूर्तीचा क्रमांक आणि वर्ष लिहून.